बांध कोरणारे डोळे

आठेक महिन्यांचं एखादं बाळ जवळपास असेल, तर त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्या. त्याला अजून धड उभं राहता येत नाही, हाताला लागेल ते तोंडात जातं, आणि तरीही एका बाबतीत ते तुमच्या-माझ्या कितीतरी पुढे आहे. डोळ्यांनी टिपलेल्या गोष्टींचा अर्थ जिथे लागतो तो भाग मेंदूच्या पार मागे असतो. तिथे एक न्यूरॉन दुसऱ्याला निरोप देतो त्या जोडणीच्या जागा, म्हणजे सिनॅप्स, या वयात जितक्या दाटीने असतात तितक्या पुढे आयुष्यात कधीच नसतात. शिकागोचे डॉ. पीटर हटनलोकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवून हे सिनॅप्स मोजले होते. आठव्या महिन्याच्या सुमाराला संख्या शिखरावर पोहोचते आणि मग उतरू लागते. अकराव्या वर्षापर्यंत जवळपास ४० टक्के सिनॅप्स नाहीसे झालेले असतात.

नाहीसे! मूल तर रोज नवं काहीतरी शिकतंय, माणसं ओळखतंय, चेंडू झेलतंय, अक्षरं वाचतंय. आणि डोक्यातल्या जोडण्या मात्र घटत चालल्यात. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या मोडायच्या, हे ठरवतं कोण?

जनुकं ठरवत असतील, हे पहिलं उत्तर सुचतं. पण हिशेब जमत नाही. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम वीस हजार आणि सिनॅप्स लाखो कोटी. एकेका सिनॅप्सचा पत्ता लिहून ठेवायला जनुकांत तेवढी जागाच नाही. जनुकं ढोबळ आखणी करतात, जोडण्या मुबलक करून ठेवतात. पुढची निवड ज्याच्यावर सोपवलेली असते तो मेंदूच्या बाहेर असतो: खिडकीतून येणारा उजेड, आईचा आवाज, गालाला लागणारा वारा. बाहेरचं जग आत शिरून मेंदूची तार न् तार जुळवतं. हे नुसतं म्हणायला सोपं आहे, पण ते कळलं कसं, ती हकीकत विलक्षण आहे.

१९५८ साल, अमेरिकेतलं बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन तरुण संशोधक भूल दिलेल्या मांजरीच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या मागच्या त्याच भागातल्या, एकेका पेशीचा कानोसा घेत होते. पेशी पेटली की लाउडस्पीकरमधून कट्कट् आवाज येई. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका चिकटवून त्याची छाया पडद्यावर पाडायची आणि पेशी काही बोलते का ते ऐकायचं. तासन् तास गेले, पेशी गप्प. आणि मग काचेची पट्टी यंत्रात सरकवताना ती पेशी अचानक कडकडायला लागली. ठिपक्याशी तिला काहीच देणंघेणं नव्हतं! तिला हवी होती काचेच्या कडेची पुसटशी तिरकी रेघ, तीही एका ठरावीक कोनात सरकणारी. कोन बदलला की ती पुन्हा गप्प. शेजारच्या पेशीला थोडा वेगळा कोन लागे, त्यापुढचीला आणखी वेगळा. आपण जे काही बघतो त्याची सुरुवात अशा आडव्या-उभ्या-तिरक्या रेघांच्या हजेरीने होते.

यातल्या बहुतेक पेशींना दोन्ही डोळ्यांकडून निरोप येतात, हेही त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: हे सगळं मांजरीचं पिल्लू जन्मतःच घेऊन येतं की बघून बघून तयार होतं?

त्यांनी पिल्लांचे डोळे उघडण्याआधीच एका डोळ्याची पापणी शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी ती मोकळी केली. (पापणी शिवलेलं ते पिल्लू डोळ्यांसमोर आणणं मला जड जातं, वाचणाऱ्यालाही जाईल. पण त्या पिल्लांमुळे पुढे जगभरच्या किती मुलांची नजर वाचली हे खाली येईलच.) मोकळा झालेला डोळा तपासला तर तो ठणठणीत. बाहुली उजेडात आकसत होती, दृष्टिपटल शाबूत होतं, तिथून निरोपही निघत होते. आणि पिल्लू त्या डोळ्याने आंधळं. कॉर्टेक्समध्ये त्या डोळ्याचं ऐकणारी पेशी जवळपास उरलीच नव्हती. हे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हेच प्रौढ मांजरीवर करून पाहिलं. डोळा महिनोन् महिने बंद ठेवला तरी काही फरक नाही, उघडल्यावर सगळं जिथल्या तिथे. पण पिल्लू चार-पाच आठवड्यांचं असेल, तर तीन-चार दिवस डोळा बंद राहिला तरी पुरे, कॉर्टेक्समधला त्याचा हक्क झपाट्याने ओसरतो. तीन-चार दिवस! घरात आलेला पाहुणा याहून जास्त दिवस राहतो.

इथवर आपल्याला वाटतं की उमगलं. न वापरलेला अवयव झडतो, इतकंच ना? पण पुढचा प्रयोग ही समजूत मोडून काढतो. १९६५ मध्ये ह्युबेल-वीझेल यांनी काही पिल्लांचे दोन्ही डोळे बंद ठेवले. वापर नसल्यामुळे पेशी मरत असतील, तर आता दुप्पट नुकसान व्हायला हवं, सगळा कॉर्टेक्स मुका व्हायला हवा. झालं उलटंच. निम्म्याहून जास्त पेशी अजून दोन्ही डोळ्यांना उत्तर देत होत्या. अनेक पेशी मरगळल्या होत्या, रेघेचा कोन नीट ओळखत नव्हत्या, पण डोळ्यांशी असलेलं नातं त्यांनी सोडलं नव्हतं.

एक डोळा झाकला तर सर्वनाश आणि दोन्ही झाकले तर निम्म्याहून अधिक शाबूत. हे कसं?

ज्यांनी गावाकडची भाऊबंदकी पाहिली आहे त्यांना हे पटकन समजेल. दोन भावांची रानं शेजारी शेजारी, मध्ये बांध. धाकटा पोटापाण्यासाठी मुंबईला गेला. गावात राहिलेला थोरला दर नांगरटीला बांध वीतभर कोरतो. दहा वर्षांनी धाकटा परत येतो तेव्हा त्याच्या वाट्याला चिंचोळी पट्टी उरलेली असते. जमिनीने त्याला टाकलं नाही, भावाने ती बळकावली. आणि दोघेही भाऊ मुंबईला गेले असते तर? रान पडीक पडलं असतं, तण माजलं असतं, पण बांध जिथल्या तिथे राहिला असता.

कॉर्टेक्समध्ये अगदी हेच घडतं, आणि तो बांध डोळ्यांनी बघता येतो. माकडाच्या एका डोळ्यात किरणोत्सारी खूण लावलेलं अमिनो आम्ल टोचलं, तर ते चेतातंतूंवरून वाहत कॉर्टेक्सपर्यंत जातं आणि त्या डोळ्याच्या मालकीचा प्रदेश फिल्मवर उजळून निघतो. दिसतात ते पट्टे, एक उजव्या डोळ्याचा, एक डाव्याचा, पुन्हा उजव्याचा, प्रत्येक साधारण अर्धा मिलिमीटर रुंद. ज्या माकडाचा एक डोळा बालपणी बंद होता, त्याच्यात उघड्या डोळ्याचे पट्टे फुगलेले आणि बंद डोळ्याचे आकसून धाग्यासारखे. दोन्हींची रुंदी मिळून मात्र तेवढीच. एकाने गमावलेली जागा दुसऱ्याने पुरेपूर खाल्लेली. या कामासाठी ह्युबेल आणि वीझेल यांना १९८१ चं नोबेल मिळालं.

आता खरी गंमत बघा. नुकत्याच जन्मलेल्या माकडात हे पट्टे पहिल्या दिवसापासून असतात. त्या पिल्लाने तर अजून जग पाहिलेलंच नाही! मग गर्भातल्या काळोखात हद्दी आखल्या कुणी?

उत्तर १९९१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मिळालं. कार्ला शॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजून अपक्व असलेली दृष्टिपटलं इलेक्ट्रोडच्या जाळीवर पसरून ठेवली. त्या वयात उजेड टिपणाऱ्या पेशी कामालाच लागलेल्या नसतात, त्यामुळे शांतता असायला हवी होती. पण दर मिनिटा-दोन मिनिटांनी विजेची एक लाट दृष्टिपटलाच्या एका जागी उठत होती आणि पसरत जाऊन विरत होती. मग दुसरीकडून दुसरी. डोळा उजेडाची वाट बघत बसलेला नव्हता, तो स्वतःच हालचाल निर्माण करून मेंदूकडे पाठवत होता. या लाटेत किती शहाणपण दडलंय पाहा: ती एकाच वेळी शेजारशेजारच्या पेशींना पेटवते, म्हणून जे तंतू एकदम बोलतात ते शेजारी, हे मेंदूला कळतं. आणि दोन्ही डोळ्यांतल्या लाटा एकाच वेळी उठत नाहीत, म्हणून जे वेगवेगळ्या वेळी बोलतात ते वेगवेगळ्या डोळ्यांचे, हेही कळतं. औषधाने दोन्ही डोळे मुके केले की मांजराच्या पिल्लात पट्टे तयारच होत नाहीत.

२०२१ मध्ये उंदरांवर झालेल्या कामातून तर थक्क व्हायला होतं. पिल्लांचे डोळे उघडायच्या काही दिवस आधी या लाटा वाटेल त्या दिशेने वाहायच्या थांबतात आणि त्यांना एक ठरावीक दिशा येते. कोणती? उंदीर पुढे चालत असताना आजूबाजूचं जग डोळ्यावरून ज्या दिशेने सरकेल, तीच. ज्याने अजून डोळेही उघडलेले नाहीत, त्याचं दृष्टिपटल चालण्याचा सराव करून घेतंय!

एकदम बोलणारे तंतू एकत्र राहतात, हा नियम मेंदू पाळतो कसा? तिथे कुणी हजेरी घेणारा तर बसलेला नाही. सिनॅप्सच्या पातळीवर उतरूया. दोन न्यूरॉनमध्ये मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. अलीकडचा न्यूरॉन पेटला की फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतो आणि पलीकडच्याच्या पृष्ठभागावरची ग्राहक-प्रथिनं ते पकडतात. यातल्या एनएमडीए नावाच्या प्रथिनाच्या तोंडात मॅग्नेशियमचा एक अणू, विद्युतभारित, बुचासारखा बसलेला असतो. ग्लुटामेट कितीही आलं तरी बूच निघत नाही. ते निघतं फक्त पलीकडचा न्यूरॉनही त्याच क्षणी उद्दीपित असेल तर. म्हणजे दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: या तंतूने निरोप दिला, आणि त्याच वेळी इतर तंतूंनीही देऊन पलीकडच्याला जागं केलं. तेव्हाच दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि त्या सिनॅप्सला मजबूत करण्याचं काम सुरू होतं. डोनाल्ड हेब या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये असा नियम असावा असं निव्वळ विचारांतून मांडलं होतं. निसर्गाने तो एका अणूवर पेलला आहे हे १९८४ मध्ये उलगडलं.

तिरळेपणाचं कोडंही याने सुटतं. पिल्लाच्या डोळ्याचा एक स्नायू कापून त्याला तिरळं केलं, तर दोन्ही डोळे उघडे असतात, दोन्हींत भरपूर उजेड असतो, वंचना कशाचीच नसते. तरी दोन्ही डोळ्यांचं ऐकणाऱ्या पेशी नाहीशा होतात, कारण दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी बघतात आणि त्यांचे निरोप कधी जुळून येत नाहीत. नुसता उजेड पुरत नाही, वेळ साधावी लागते.

आणि हरलेल्या सिनॅप्सचं काय होतं? ते आपोआप विरत असतील असं बरीच वर्षं वाटत होतं. पण मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, त्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या. संसर्गाशी लढणं आणि कचरा उचलणं हे त्यांचं काम, असं मानलं जाई. २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरस यांच्या गटाला दिसलं की मेंदू नको असलेल्या सिनॅप्सवर सी१क्यू नावाचं प्रथिन चिकटवतो. शरीर एरवी हे प्रथिन जंतूंवर चिकटवतं, खाऊन टाकण्याची खूण म्हणून! पुढे २०१२ मध्ये मायक्रोग्लियाच्या पोटात गिळलेल्या सिनॅप्सचे अवशेष दिसले, आणि ज्या डोळ्याची बडबड औषधाने कमी केली होती त्याचेच जास्त होते. जे हत्यार जंतूंविरुद्ध बनलं, तेच बाळाचा मेंदू घडवायला वापरलंय. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त अचंबा इथेच वाटतो.

हे फक्त डोळ्यांपुरतं आहे का? मुळीच नाही. 'ताक' म्हणा, मग 'टाक' म्हणा. तुम्हाला फरक इतका स्वच्छ ऐकू येतो की तो कुणाला ऐकू येत नसेल यावर विश्वास बसणार नाही. पण इंग्रजीत वाढलेल्या प्रौढांना येत नाही. जेनेट वर्कर यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला हाच 'त' आणि 'ट' ऐकवला. आवाज बदलल्यावर मान वळवली की एक खेळणं उजळायचं, अशी युक्ती होती. सहा ते आठ महिन्यांची बाळं बिनचूक मान वळवत. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना ते जमेना. १९८४ चा हा अभ्यास सांगतो की प्रत्येक बाळ जगातल्या अनेक भाषांचे सूक्ष्म भेद ओळखण्याच्या तयारीने येतं आणि वर्षभरात घरच्या भाषेसाठी कान बसवून घेतं. तुमच्या-माझ्या कानात 'ट' आहे, कारण कुणीतरी आपल्याशी बोलत राहिलं. आणि हो, माणूसच लागतो. पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसून पुस्तकं वाचणाऱ्या, खेळणाऱ्या माणसाकडून बाळं तिचे आवाज शिकली. तीच माणसं, तीच वाक्यं व्हिडिओवर दाखवली तर काहीच शिकली नाहीत.

आता मुलांच्या डोळ्यांकडे. काही बाळं जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतात. पूर्वी मूल जरा मोठं होऊ दे म्हणून शस्त्रक्रियेला थांबत. भिंग स्वच्छ झालं तरी नजर यायची नाही, आणि का, ते कळायचं नाही. ह्युबेल-वीझेल यांच्या पिल्लांनी ते कारण दाखवलं. आज एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर तो पहिल्या सहा आठवड्यांच्या आसपास काढायची धडपड असते, कारण दुसरा डोळा बांध कोरत बसलेला असतो. म्हणूनच आळशी डोळ्यावर, म्हणजे धडधाकट असूनही मेंदू ज्याचं ऐकत नाही अशा डोळ्यावर, उपाय करताना पट्टी बांधतात ती चांगल्या डोळ्यावर. गंमत म्हणजे हा उपाय फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्युफाँ यांनी १७४३ मध्येच सुचवला होता, कारण कळायच्या दोन शतकं आधी. मुलाला पट्टी नकोशी असते, ते ओढून काढतं, आईवडील कंटाळतात. तरीही चिकाटी सोडू नका, असं मी कळकळीने सांगेन.

मग हा काळ संपला की दार कायमचं बंद? इथेही निसर्गाने चकवलंय. ते दार वयाच्या घड्याळावर चालतच नाही. पिल्लाला संपूर्ण काळोखात वाढवलं तर हा संवेदनक्षम काळ पुढे ढकलला जातो. टाकाओ हेन्श यांनी १९९८ मध्ये दाखवलं की मेंदूतल्या इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशी पुरेशा जोरात कामाला लागल्या की हा काळ सुरू होतो, आणि त्यांचा जोर वाढवणारं डायझेपामसारखं औषध देऊन तो सुरू करताही येतो. तो संपताना याच पेशींभोवती साखरयुक्त रेणूंचं घट्ट जाळं विणलं जातं. २००२ मध्ये इटलीत प्रौढ उंदरांच्या कॉर्टेक्समधलं हे जाळं एका विकराने विरघळवलं. नंतर एक डोळा झाकला, तर बांध पुन्हा सरकायला लागला! म्हणजे लवचीकपणा मेलेला नसतो, मेंदू तो मुद्दाम आवळून धरतो.

भारतात हेच प्रत्यक्ष मुलांमध्ये पाहायला मिळालं. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून अंध असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात आणि मग त्यांचं बघणं अभ्यासलं जातं. १६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिनो यांनी तत्त्ववेत्ते जॉन लॉक यांना विचारलं होतं: हाताने गोल आणि घन ओळखणाऱ्या आंधळ्याला अचानक दृष्टी आली, तर तो नुसत्या नजरेने ते ओळखेल का? सव्वातीनशे वर्षं हा प्रश्न वादात राहिला. २०११ मध्ये ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांनी उत्तर दिलं: नाही. हाताळलेली वस्तू बघून ओळखता आली नाही, जवळजवळ अंदाजच. पण काही दिवसांतच त्यांना ते बऱ्यापैकी जमायला लागलं. पुढे असंही दिसलं की वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया होऊनही अनेक मुलांची फिक्या-गडद छटा ओळखण्याची क्षमता सुधारत जाते. नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, पण सुधारते.

आणि याच मुलांमुळे आणखी एक गोष्ट समोर आली. चेहरे ओळखणं त्यांना पुढेही अवघड जातं. नवजात बाळाला जग फार धूसर दिसतं, कारण त्याचं दृष्टिपटल अपक्व असतं. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांचं दृष्टिपटल मात्र तोवर पक्व झालेलं असतं, त्यांची सुरुवातच त्यामानाने तीक्ष्ण चित्रांनी होते. सिन्हा यांच्या गटाला शंका आली: तो धूसरपणा उणीव आहे की गरज? त्यांनी संगणकातल्या कृत्रिम न्यूरल नेटवर्कला चेहरे शिकवून पाहिले. सुरुवातीपासून सुस्पष्ट चित्रं दिलेलं नेटवर्क चित्र जरा धूसर झालं की गोंधळलं, कारण ते बारीकसारीक तपशिलांवरच विसंबलं होतं. आधी धूसर आणि मग सुस्पष्ट चित्रं दिलेलं नेटवर्क सबंध चेहरा धरायला शिकलं आणि दोन्ही प्रकारची चित्रं ओळखू लागलं. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून नवजाताच्या अंधुक नजरेकडे काही अभ्यासक शिकवणीचा पहिला धडा म्हणून पाहू लागले आहेत.